धक्का की नांगर?

क्रूझचं बुकिंग करताना आपण केबिनला खिडकी आहे का, शाकाहारी जेवणात काय मिळेल, वाय-फायचे पैसे वेगळे का, हे सगळं विचारतो. घरात कोणी व्हीलचेअरवर असेल, तर त्याआधी एक प्रश्न विचारा, आणि तो प्रत्येक बंदरासाठी वेगळा विचारा: जहाज धक्क्याला लागणार, की समुद्रात नांगर टाकून थांबणार?

माझ्या बाबांना लहानपणी पोलिओ झाला. पन्नास वर्षं कॅलिपर लावून चालले, आता घडीची व्हीलचेअर वापरतात. आम्ही पिरेअसहून निघणारी ग्रीक बेटांची सफर ठरवली तेव्हा एजंट म्हणाला, "काळजी नको, सगळं मॅनेज होतं." मॅनेज होतं म्हणजे चौघं मिळून खुर्ची उचलतात. बाबांना उचलून नेलेलं अजिबात खपत नाही.

म्हणून घरीच नकाशा पसरून बसलो. जहाज धक्क्याला लागलं, तर गँगवेच्या उतारावरून खुर्ची खाली येते, खलाशी मदतीला असतात. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी नाममात्र, त्यामुळे हा उतार फारसा बदलत नाही. नांगर टाकला, तर मात्र टेंडर नावाच्या छोट्या बोटीत उतरावं लागतं. ती लाटांवर वरखाली होत असते. बऱ्याच कंपन्यांची अट असते, की प्रवाशाला दोन-चार पावलं स्वतः टाकता आली पाहिजेत. बॅटरीची जड खुर्ची तर बोटीत घेतच नाहीत.

सँटोरिनी नांगराचं बंदर. बोटीनं जुन्या बंदरावर पोचलात, तरी फिरा हे गाव वर कड्यावर. तिथे जायला पाचशेहून अधिक पायऱ्या, नाहीतर खेचर, नाहीतर केबल कार. आणि केबल कारच्या स्टेशनातही पायऱ्याच!

दादा म्हणाला, "त्यापेक्षा बाबा जहाजावरच आराम करतील."

"आराम मी बडोद्यातही करतो," बाबा म्हणाले. मग त्यांनीच यादी केली. सँटोरिनी डेकवरून बघणार, पण कुशादासीला उतरणार आणि इफेसस बघणार. तरुण मंडळींना मुद्दाम सांगते, व्हीलचेअरवरचं माणूस "तुम्ही जा, मी बसतो" असं पटकन म्हणतं. ती त्यांची इच्छा की आपल्याला त्रास नको म्हणून, हे घरीच विचारून घ्या. बंदरावर रांगेत उभं राहून हे बोलणं होत नाही.

कुशादासीला जहाज धक्क्याला लागतं. इफेससच्या सहली सहसा वरच्या दारातून शिरून उतारानं खाली येतात. गुळगुळीत संगमरवर, मध्येच पायऱ्या, खुर्चीला अवघडच. आम्ही वेगळी टॅक्सी करून खालच्या दारानं गेलो, तिथूनच परतलो. मोठं थिएटर आणि सेल्ससच्या ग्रंथालयाची दर्शनी भिंत त्याच बाजूला आहे. फरशा तिथेही खडबडीत, पुढची चाकं दोनदा अडकली. (वेगळी टॅक्सी केलीत तर घड्याळ सांभाळा. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, आपल्यासाठी नाही.) बाबा ग्रंथालयासमोर पाऊण तास बसले. कोरीव काम निरखून मला सांगत होते, कुठला दगड जुना आणि कुठला नंतर बसवलेला.

ऱ्होड्सला धक्का आणि जुना कोट जवळजवळ आहेत, पण आत गोट्यांच्या फरसबंदीवर हाडं खिळखिळी होतात. आम्ही कोटाबाहेरूनच फिरलो.

एक कामाची गोष्ट. युरोपीय संघाच्या २०१० च्या नियमाप्रमाणे तिथल्या बंदरातून जहाजावर चढणाऱ्या अपंग प्रवाशाला मदत विनामूल्य मिळते, मात्र किमान ४८ तास आधी कळवावं लागतं. आम्ही बुकिंगच्या वेळीच लेखी कळवलं होतं, खुर्चीची रुंदी आणि वजन यांच्यासकट. रुंद दाराच्या केबिन मोजक्याच असतात, त्या आधी संपतात.

सँटोरिनीला आम्ही तिघं वर गेलो. परत आलो तेव्हा बाबा डेकवर शेजारच्या आजोबांना पोहे कसे करतात ते हातवारे करून समजावत होते.