कोयत्याच्या जोडीतला पुरुष

खंडेनवमीला हळदकुंकू वाहिलेला कोयता पाटावरून उचलला गेला, आपट्याची पाने देऊनघेऊन झाली, की आपल्या बीड जिल्ह्यातल्या उमापूर-गेवराईच्या पट्ट्यात सीमोल्लंघन हा नुसता विधी उरत नाही. उचल केव्हाच खर्चून गेलेली असते, मुकादमाचे बोलावणे येते, आणि भांडीकुंडी, लेकरे, एखादी शेळी असा सगळा संसार वाहनात चढवून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या नि कर्नाटकाच्या फडांकडे निघतात. जाणाऱ्यांची काळजी आपण परंपरेने करतो. पोरांच्या शाळेचे काय, म्हाताऱ्यांकडे कोण पाहणार, पीठ किती दिवस पुरेल, हे सारे विचारून होते. पुरुषाच्या शरीराची चौकशी मात्र त्यात नसते, आणि ती नसावी असे आपण सर्वांनी मिळून, न बोलताच ठरवलेले दिसते.

दसऱ्याच्याच आगेमागे १४ ऑक्टोबर येतो. हेच मौन मोडू पाहणारे रघुनाथ धोंडो कर्वे १९५३ साली या दिवशी गेले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, १९२७ च्या जुलैपासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि लोक ज्या शंका वैद्यालाही विचारायला कचरत त्यांना छापील उत्तरे दिली. अशाच उत्तरांवरून १९३४ साली खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी कोर्टाने दोनशे रुपये दंड केलाच. त्या दंडाला इतकी वर्षे लोटली, पण आजही बसस्थानकाच्या भिंतीवर ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ रंगवणाऱ्याचा धंदा तेजीत चालतो, यावरून त्या शंका अजून कुठे जातात हे समजावे.

आणि बहुतेक शंका असतात तरी किती साध्या! शिश्नाची पुढची कातडी मागे जात नाही, ही त्यातली एक. लहान मुलाची कातडी जन्मतः चिकटलेलीच असते आणि वयानुसार आपोआप सुटते. आंघोळीच्या वेळी ती जोराने मागे ओढण्याची काही घरांत चाल आहे, ती सोडायला हवी, कारण ओढल्याने चिरा पडतात आणि त्या भरताना कातडी अधिकच आवळते. मोठ्या वयात ती घट्ट असेल तर डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा मलम चार ते आठ आठवडे लावून बऱ्याच जणांचे काम भागते. सुंता करण्याची वेळ त्यानंतरची. मागे गेलेली कातडी पुढे न येता सुजून अडकली, तर मात्र सकाळची वाट पाहू नये. आतला रक्तपुरवठा अडतो, म्हणून काही तासांतच दवाखाना गाठावा लागतो.

फडावरचा दिवस पहाटेआधी सुरू होतो. घाम, पाचटाची धूळ, अंगात रुतणारी कूस, आणि पाणी पिण्यापुरते. अशा ठिकाणी कातडीखाली मळ साचून लाली, खाज, वास सुरू झाला तर त्यात पाप कसले? रोज एक तांब्या स्वच्छ पाण्याने, कातडी हलकेच मागे घेऊन धुवावे आणि पुसून कोरडे करावे. आत साबण किंवा डेटॉल घालू नये. तरीही बारीक चिरा नि पांढरट थर पुन्हापुन्हा येत असेल, तर साखर तपासावी. चाळिशीतल्या कित्येकांना मधुमेहाची पहिली वर्दी याच जागी मिळते.

इथे आपल्या जिल्ह्याची दुखरी आठवण निघते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मजुरी जोडीने ठरते. पण दुखणे वाटून घेतले जात नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कारणे अनेक होती, खाडा पडल्याचा दंडही त्यांत होता. पण अंगावरून जाते म्हणून बाई एकटीच दवाखान्याच्या पायऱ्या चढते, आणि जो संसर्ग दोघांत फिरतो त्याचे औषध नवरा घेत नाही, हे आपण घरोघरी पाहिले आहे. एकटीने घेतलेल्या गोळ्या अशा वेळी महिनाभरही पुरत नाहीत.

म्हणून निरोधाचा विषय बायकांच्या बैठकीतून काढून पुरुषांच्या पारावर आणायला हवा. १९६८ साली सरकारने तो पंधरा पैशांना तीन या भावाने किराणा दुकानापर्यंत पोहोचवला होता. आता आरोग्य केंद्रात फुकट मिळतो, तरी मागणाऱ्याची नजर जमिनीला खिळते. वापरातही चुका होतात. कातडी सहज मागे जात असेल तर ती मागे घेऊन निरोध चढवावा, म्हणजे ओढ बसत नाही. जात नसेल तर बळ न करता तसाच चढवावा. टोकाशी हवा राहू देऊ नये, नि काढताना बुडाशी धरावा. खोबरेल लावले की रबर कमजोर होते. पत्र्याच्या पेटीत उन्हाने तापलेले पाकीटही भरवशाचे नसते, आणि वरची मुदत वाचायला तर कोणी थांबत नाही. एचआयव्हीपासून वाचवणाऱ्या इतक्या स्वस्त वस्तूची लाज वाटावी आणि चोरून घेतलेल्या ‘ताकदीच्या’ पुडीची वाटू नये, ही आपली रीत मोठी विचित्र खरी.

टोळ्या निघण्याआधी बायकांच्या तपासणीची शिबिरे अलीकडे भरतात. त्याच मांडवात चादरीचा एक आडोसा, एक पुरुष आरोग्यसेवक, साखर तपासण्याचे यंत्र आणि निरोधाचे खोके ठेवता येईल. मलम सुरू करायचा तर तो निघण्यापूर्वीच करावा आणि चिठ्ठी सोबत न्यावी, म्हणजे फडाजवळच्या डॉक्टरला पुढचे कळते. मुकादमांनी जोडी मोजताना पुरुषांनाही तिकडे धाडावे, दोन तासांचा तर प्रश्न आहे. कारखान्याचा बॉयलर दसऱ्याला पेटला तरी गव्हाणीत पहिली मोळी पडायला अजून दिवस असतात.