सोळा तास म्हणे!

परवा फोनवर काका म्हणाले, "आता काय गं, सोळा तासांत अमेरिकेहून भारतात!" मंडळी, हा सोळाचा आकडा माझ्या डोक्यात जातो.

मुळात अंतराला वेगाने भागायचं शाळेतलं गणित विमानाला चालतच नाही. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून जायला सुरुवात केली. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटरवरून १५,३०० झालं, आणि वेळ चक्क कमी लागू लागला! का, तर तिकडून वारा पाठीशी असतो. वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात ना. (भूगोलाच्या तासाला झोपा काढल्या की असं होतं, काका!)

आणि सोळा तास म्हणजे फक्त हवेतले हो. विमानतळावर तीन तास आधी, दिल्लीत सामान घेऊन पुन्हा रांग, मुंबईचं विमान, मग पुण्याची टॅक्सी... हे कोण मोजणार? बाबा गेले तेव्हा माझ्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत एकतीस तास लागले. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"थांबता आलं नाही गं," असं तेव्हा काकाच म्हणाले होते.