अंगात त्राण नाही, इच्छा नाही? टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनआधी थायरॉइड तपासा

दिवसभर थकवा, वाढणारे वजन, चिडचिड, बायकोजवळ जायची इच्छा नाही. चाळिशीतल्या पुरुषाने ही लक्षणे मोबाइलवर शोधली की उत्तर एकच येते : टेस्टोस्टेरॉन कमी. मग पावडरी, कॅप्सूल, काही जण थेट इंजेक्शन. एसटी स्टँडजवळच्या भिंतींवरच्या ‘ताकदी’च्या जाहिराती तर जुन्याच.

थायरॉइड मंदावल्यावरही हीच लक्षणे दिसतात. पण टीएसएच ही साधी रक्ततपासणी घरातल्या बाईची होते, पुरुषाची राहून जाते. थायरॉइड म्हणजे बायकांचा आजार, ही समजूत त्याचे कारण. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुंबई-गोव्यासह आठ शहरांतल्या पाहणीत ५,३७६ प्रौढांपैकी जवळपास ११ टक्क्यांना हायपोथायरॉइडिझम आढळला. स्त्रियांत प्रमाण जास्तच होते, पण पुरुषांतही ते ५ टक्क्यांच्या आसपास होते. शंभरात पाच हा सोडून देण्याचा आकडा नव्हे.

थायरॉइडचा इथे काय संबंध?

रक्तातले बरेचसे टेस्टोस्टेरॉन एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला चिकटून फिरते. थायरॉइड मंदावले की हे प्रथिन घटते आणि एकूण टेस्टोस्टेरॉनचा आकडा खाली येतो. काहींमध्ये प्रोलॅक्टिन वाढते, त्यानेही इच्छा कमी होते. अशा रुग्णाला लेव्होथायरॉक्सिनची योग्य मात्रा मिळाली की टेस्टोस्टेरॉन बऱ्याचदा आपोआप सावरते. ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, महागही नाही.

याउलट, बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले की मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश दबतो आणि शुक्राणू घटतात. मूल हवे असलेल्या तरुणाला हे इंजेक्शन कोणी सहज टोचत असेल, तर तो उपचार नव्हे, निष्काळजीपणा आहे.

रात्रपाळीवाल्यांचे काय?

टेस्टोस्टेरॉनचा नमुना सकाळी, उपाशीपोटी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी द्यायचा असतो. जालना एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यात रात्रभर राबून सकाळी सुटलेला कामगार वाटेतच लॅबमध्ये गेला, तर आकडा फसवा येऊ शकतो. झोप न झालेल्या शरीरात टेस्टोस्टेरॉन उतरते, टीएसएचही थोडा वर सरकू शकतो. त्यामुळे पाळी बदलून काही रात्री नीट झोप झाल्यावर नमुना द्यावा. निदान डॉक्टरांना पाळीची वेळ सांगावी. कागदावर ती कुठेच दिसत नाही.

प्रत्येक थकव्याचे मूळ थायरॉइडमध्ये नसते, हेही खरे. मधुमेह, दारू, झोपेतले घोरणे, नैराश्य यांतूनही असेच होते. टीएसएच नॉर्मल असताना ‘एनर्जी’साठी थायरॉइडची गोळी घेतली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हाडे ठिसूळ होतात. टीएसएच किंचित वाढलेला असेल तर आधी तपासणी पुन्हा करावी. टेस्टोस्टेरॉन दोन्ही वेळा कमीच आले, तर मात्र फक्त टीएसएचवर थांबू नये. बिघाड पिट्युटरी ग्रंथीत असेल तर टीएसएच नॉर्मलही दिसतो. म्हणून फ्री टी-४, एलएच आणि प्रोलॅक्टिन पाहावे लागते.

गोळी सुरू झाली तर ती सकाळी उपाशीपोटी, पाण्यासोबत घ्यायची. पहिला चहा त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासून डॉक्टर मात्रा ठरवतात. तोवर टेस्टोस्टेरॉनच्या रिपोर्टची घाई नको.