पेट्रोल महागलं खरं, पण बोटीचा ‘अर्धा थ्रॉटल’ त्याहून महाग पडतो

माझा मामा खोपोलीत राहतो आणि त्याची एक छोटी मोटरबोट आहे. हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: “खोपोलीत? समुद्र कुठेय?” प्रश्न बरोबर आहे. कर्जत-खालापूरला नद्या भरपूर, पण उल्हास, पेज, पाताळगंगा या उथळ आणि खडकाळ. मोटरबोटीचा पंखा पहिल्याच वळणावर तुटायचा. मोरबे धरणाचं पाणी नवी मुंबईला प्यायला जातं. त्यामुळे आमच्या भागातल्या हौशी लोकांच्या बोटी असतात त्या पेणच्या पलीकडे, अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला. मामाची बोटही रेवदंड्याच्या खाडीत असते. 17 फुटी फायबरची बोट, मागे 40 हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन.

गेल्या दिवाळीत मामाने मला एक वही दाखवली. प्रत्येक फेरीचं पेट्रोल त्यात लिहिलेलं. म्हणाला, “तू कंप्युटरवाला ना? बघ जरा. विकून टाकू का बोट?” प्रश्न फक्त त्याच्या हौसेचा नव्हता. बोट सांभाळणाऱ्या खलाशाला मामा दरमहा पगार देतो. बोट विकली तर त्याच्या घरातली ठरलेली आवक थांबते. म्हणून हिशेब नीट करायचं ठरवलं. त्यातून जे निघालं, ते आज समजून घेऊया.

भाव नेमका किती वाढला?

2020 च्या सुरुवातीला मुंबईत पेट्रोल 81 रुपयांच्या आसपास होतं. मे 2021 च्या शेवटी ते 100 च्या वर गेलं. एप्रिल 2022 मध्ये, रशिया-युक्रेन युद्धानंतर, 120 ओलांडलं. मग केंद्राने उत्पादन शुल्क आणि राज्याने व्हॅट कमी केला, तेव्हा जुलै 2022 मध्ये 106 वर आलं. मार्च 2024 च्या कपातीनंतर 104 च्या घरात. आपण हिशेबासाठी 105 धरू. म्हणजे 2020 च्या तुलनेत साधारण 30 टक्के वाढ.

कारवाल्याला ही वाढ टोचते, बोटवाल्याला ती भोसकते. कारण साधं आहे. आउटबोर्ड इंजिनासाठी एक जुना ठोकताळा आहे: हॉर्सपॉवरला 10 ने भागा, पूर्ण थ्रॉटलला तासाला तेवढे अमेरिकन गॅलन पेट्रोल जातं. 40 हॉर्सपॉवर म्हणजे 4 गॅलन, म्हणजे 15 लिटर. तासाला जवळजवळ 1,575 रुपये! कार लिटरला 15 किलोमीटर देते, ही बोट पावणेतीन.

मामाची काटकसर आणि पाण्याचं गणित

भाव वाढल्यावर मामाने आपल्या सगळ्यांसारखंच केलं: वेग कमी केला. पूर्ण थ्रॉटलऐवजी अर्धा. कारमध्ये ही युक्ती चालते. पण वहीत उलटंच दिसत होतं. फेरी तेवढीच, पेट्रोल मात्र जास्त. मामाला वाटलं इंजिन गेलं.

मग एका शनिवारी आम्ही मोजमाप केलं. फोनवर जीपीएस लावून वेग बघितला आणि टाकीऐवजी मापाच्या कॅनमधून इंजिनाला पेट्रोल दिलं. आकडे ढोबळ आहेत, पण चित्र स्पष्ट आहे. 40 किलोमीटरच्या फेरीला:

- पूर्ण थ्रॉटल, ताशी 40 किमी: 15 लिटर, 1,575 रुपये
- साधारण दोन-तृतीयांश थ्रॉटल, ताशी 28 किमी: 12 लिटर, 1,260 रुपये
- अर्धा थ्रॉटल, ताशी 18 किमी: 18 लिटर, 1,890 रुपये
- अगदी सावकाश, ताशी 9 किमी: 9 लिटर, 945 रुपये

मधला वेग सगळ्यात महाग! असं का?

बोट पाण्यात चालते तेव्हा नाळेपाशी एक लाट उठते. वेग वाढला की ही लाट लांब होत जाते. एका वेगाला लाटेची लांबी बोटीच्या लांबीएवढी होते. त्या वेगाचं सूत्र आहे: पाण्यात टेकलेल्या लांबीचं (फुटांत) वर्गमूळ गुणिले 1.34, उत्तर नॉटमध्ये. मामाच्या बोटीचे 16 फूट पाण्यात टेकतात. 16 चं वर्गमूळ 4, म्हणजे सुमारे 5.4 नॉट, ताशी 10 किलोमीटर. याच्या खाली बोट आरामात तरंगत जाते. याच्या वर गेलात की बोट स्वतःच्याच लाटेचा चढ चढायला लागते. नाळ वर, मागचा भाग खाली रुतलेला, आणि इंजिन घाम गाळतंय. थ्रॉटल आणखी दिला की बोट तो चढ पार करते आणि पाण्यावरून घसरायला लागते. याला प्लेनिंग म्हणतात. चपटा दगड पाण्यावर भाकऱ्या काढत जातो ना, तसंच थोडंफार. तेव्हा पाण्याला टेकलेला भाग कमी होतो, विरोध घटतो आणि नाळ खाली येते.

मामा काटकसर म्हणून नेमका त्या चढावर अडकून बसला होता. घाटात पहिल्या गिअरमध्ये गाडी रेटावी, तसं. इंजिन ठणठणीत होतं.

आता गंमत बघा. 2020 च्या 81 रुपये भावाने अर्ध्या थ्रॉटलची फेरी 1,458 रुपयांना पडली असती. 105 च्या भावाने, बोट प्लेनवर आणून मग थ्रॉटल थोडा मागे घेतला, तर 1,260. म्हणजे पाच वर्षांची भाववाढ एका हाताच्या हालचालीत भरून निघते. खूण सोपी आहे: नाळ खाली आली आणि मागची लाट सपाट झाली की थ्रॉटल हळूहळू मागे घ्या. नाळ पुन्हा वर उचलायला लागली की थांबा आणि किंचित पुढे ढकला. नाहीतर सरळ सायकलच्या वेगाने जा. मधे रेंगाळू नका.

न दिसणारी भाववाढ: इथेनॉल

दुसरी वाढ पंपाच्या बोर्डवर दिसत नाही. 2025 पासून देशभर साध्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, म्हणजे ई-20. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. म्हणून ई-20 च्या लिटरमध्ये सुमारे 7 टक्के ऊर्जा कमी. ऊर्जेच्या हिशेबाने 105 चं पेट्रोल 113 ला पडतं.

पण बोटीला खरा धोका वेगळाच आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते स्वतःत विरघळवून ठेवतं, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी दोन्ही पेट्रोल सोडून टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाची नळी तळातूनच ओढते. गेल्या पावसाळ्यात मामाची बोट जूनपासून तीन महिने उभी होती, टाकी अर्धी भरलेली आणि टोपणाचं रबर गेलेलं. सप्टेंबरमध्ये इंजिन धड चालेना. मेकॅनिकने तळातलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं तर दोन थर स्पष्ट दिसत होते. त्या दुरुस्तीत कितीतरी फेऱ्यांचं पेट्रोल आलं असतं.

बहुतेक आउटबोर्ड कंपन्या 10 टक्के इथेनॉलपर्यंतच परवानगी देतात. अमेरिकेत तर 15 टक्क्यांचं पेट्रोलही बोटीत वापरायला मनाई आहे. आपल्याकडे साध्या पंपावर पर्याय नाही, म्हणून काळजी आपणच घ्यायची: पावसाळ्याआधी टाकी पूर्ण रिकामी करून ते पेट्रोल गाडीत वापरा, नळीतलं उरलेलं पेट्रोल इंजिन चालवून संपवा, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा आणि जुने रबरी पाइप बदला.

मग इलेक्ट्रिक का नको?

40 हॉर्सपॉवर म्हणजे 30 किलोवॅट. पूर्ण थ्रॉटलला एका तासात 30 किलोवॅट-तास वीज लागेल. टाटा नेक्सॉन ईव्हीच्या लहान मॉडेलची अख्खी बॅटरी तेवढी आहे. ती एका तासात संपणार, तेही खाडीच्या मध्यावर! पण सावकाश चालायचं असेल तर गणित फिरतं, तीन-चार किलोवॅटवर काम भागतं. केरळात वैक्कमला ‘आदित्य’ ही 75 प्रवाशांची सौर फेरीबोट 2017 पासून चालते, ती याच जोरावर: तिला घाई नाही. कर्जतच्या रिसॉर्टमधल्या तळ्यात फिरणाऱ्या बोटींना इलेक्ट्रिक मोटर आजही परवडेल. मामाच्या बोटीला अजून नाही.

सवलत मिळावी का?

मच्छीमारांच्या यांत्रिक नौकांना राज्य सरकार डिझेलवरच्या कराचा परतावा देतं. हौशी बोटीला काही नाही. उलट सप्टेंबर 2025 पासून हौशी नौकांवर 40 टक्के जीएसटी लागतो. माझं प्रामाणिक मत: हे बरोबरच आहे. मच्छीमाराचं पोट त्यावर आहे, मामाचा रविवार.

पण वहीतून शेवटची एक गोष्ट दिसली. वर्षभराच्या खर्चात पेट्रोल सगळ्यात मोठं नव्हतंच. खलाशाचा पगार, सर्व्हिसिंग, रंग, विमा हे सगळं बोट हलली नाही तरी द्यावं लागतं. म्हणजे पेट्रोल वाचवायला फेऱ्या कमी केल्या तर प्रत्येक फेरी आणखी महाग होते, आणि एक दिवस माणूस म्हणतो, “कशाला ठेवायची?” बोटी अशाच विकल्या जातात.

मामाने विकली नाही. थ्रॉटलच्या दांड्याशेजारी त्याने लाल रंगाने एक रेघ मारलीय, दोन-तृतीयांशावर. खलाशीही तीच रेघ पाळतो. वहीत आता लिटरच्या शेजारी वेगाचा एक रकाना वाढलाय.