आजीला तिचंच विचारा

नगर जिल्ह्यात पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीजवळ बसलं, की बोलणं बहात्तरच्या दुष्काळावर येतंच. खडी फोडायची कामं, सुकडी, परदेशातून आलेली मिलो ज्वारी. नातवंडं कौतुकानं ऐकतात. पण घराण्याचा इतिहास लिहायला बसलं की वही उघडते आजोबांसमोर: जमीन कशी आली, विहीर कुणी खोदली, भावकी कधी फुटली. आजीला विचारलंच, तर तेही आजोबांबद्दल.

लक्ष्मीबाई टिळकांनाही आधी असंच विचारलं गेलं होतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं चरित्र लिहायचं म्हणून मुलगा देवदत्त यांनी आईकडे वडिलांच्या आठवणी मागितल्या. नगर आणि राहुरीत संसार केलेल्या, लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेल्या या बाईनं नवऱ्याबद्दल तर लिहिलंच, पण त्या ओघात स्वतःचं अख्खं आयुष्य कागदावर उतरवलं. १९३४ पासून ही ‘स्मृतिचित्रे’ भागाभागानं छापली गेली. १८५७ च्या उठावानंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली. इतिहासकार ते एका ओळीत उरकेल. लक्ष्मीबाई दाखवतात ते त्या फाशीनंतरचं घर, वडिलांनी धरलेलं टोकाचं सोवळं आणि त्यात होरपळणारी माणसं. हे कुठल्या सरकारी दफ्तरात सापडणार? पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी आजीचं हे लेखन निगुतीनं संपादित केलं. नातवानं आजीसाठी याहून मोठं काय करावं!

लक्ष्मीबाई माहेरच्या मनकर्णिका गोखले. हे आज ठाऊक आहे, कारण त्यांनी लिहिलं. आपल्या पणजीचं माहेरचं नाव किती घरांत सांगता येईल? १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव लावणं राज्य सरकारनं बंधनकारक केलं, हे चांगलंच झालं. पण बहात्तर साली खडी फोडायला गेलेल्या बायकांची नोंद त्यांच्या नातवंडांनाच करावी लागेल, आणि त्या बायका आता थकल्या आहेत.

काम अवघड नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्याही गाणारणींच्या बोलीतच. घरी तर एकाच बाईशी बोलायचं आहे. मोबाइल सुरू ठेवावा आणि तिची भाषा शुद्ध करायच्या भानगडीत पडू नये. ‘मला काय कळतंय, त्यांनाच विचार,’ असं ती म्हणेल, तरी उठू नये.

दिवाळीच्या सुटीत जिल्ह्यातल्या शाळांनी मुलांना हाच अभ्यास द्यावा. माहेरचं गाव कोणतं, लग्नाआधी नाव काय होतं, पहिली मजुरी किती मिळाली आणि ती कुणाच्या हातात गेली, दुष्काळात कोणता दागिना मोडला, शाळा का सुटली? लिहून झालं की ते आजीला मोठ्यानं वाचून दाखवावं आणि ती सांगेल त्या दुरुस्त्या मुकाट्यानं कराव्यात.