नाव जिभेवर बसत नाही म्हणे!

गेल्या वर्षी मी चार महिने मेलबर्नला लेकीकडे होते. शहराच्या पश्चिमेला टार्निट म्हणून भाग आहे, तिथं तिचं घर. आपली माणसं इतकी, की संध्याकाळी फिरायला निघालं तर पंजाबी, तेलुगू, गुजराती, मराठी सगळं कानावर पडतं. त्या बाजूला एक नवी सरकारी प्राथमिक शाळा उघडणार होती, आणि नातीला पुढच्या जानेवारीत शाळेत घालायचं होतं. शाळेला नाव दिलेलं होतं तिथल्या मूळ लोकांच्या भाषेतलं. ते इथं लिहीत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यातल्या बायका आपल्याच आहेत.

एका रविवारी भिशीला जमलो होतो. विषय निघाला शाळेचा. एक म्हणाली, "हे काय बाई नाव, जिभेवरच बसत नाही." दुसरी म्हणाली, "पोरीनं मोठेपणी कुठल्या शाळेत शिकले म्हणून सांगायचं? आदिवासी शाळा वाटते." सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले, हे कबूल करते. चारचौघींत पाहुणी म्हणून बसलेली बाई हसतेच.

घरी येऊन मात्र चैन पडेना. अगं, तुम्ही राहता त्या टार्निटचं नावच तिथल्या वाथावुरुंग लोकांच्या भाषेतलं. त्याचा अर्थ पांढरा. शेजारून वाहते ती वेरिबी नदी, तिचं नाव म्हणजे पाठीचा कणा, तेही त्यांचंच. पलीकडचं ट्रुगनिना हे ट्रुगनिनी नावाच्या टास्मानियातल्या बाईवरून पडलेलं. घराच्या कर्जाच्या कागदांवर ही नावं लिहिताना तुमची बोटं अडखळली नाहीत. मग शाळेच्या फाटकावर तसंच नाव आलं की जीभ का अडखळते?

त्या जमिनीची गोष्ट मी तिथंच वाचली. १८३५ साली जॉन बॅटमन नावाचा माणूस आला आणि घोंगड्या, सुऱ्या, आरसे, पीठ असलं सामान देऊन सहा लाख एकर जमीन विकत घेतली म्हणाला. इंग्रज गव्हर्नरनं तो करार त्याच वर्षी रद्द ठरवला. मूळ मालकांची जमीन म्हणून नव्हे बरं, ती राजाची म्हणून! माणसं येतच राहिली. पुढं या लोकांची मुलं आयांपासून काढून संस्थांत नेली, तिथं त्यांना आपली बोली बोलू दिली नाही. १३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत त्याबद्दल माफी मागितली. जिथं मुलांच्या तोंडातली भाषा काढून घेतली, तशाच मुलांच्या जागेवर त्या भाषेतला एक शब्द आज लावला जातोय. पाटी लावून जमीन परत मिळत नाही, हे खरंच. पण ती तक्रार त्यांनी करायची. आपण तिची ढाल करून हसायचं नाही.

आणि आपण कोण? बेळगावच्या. १९५६ पासून कुठल्या राज्यात, कुठल्या लिपीत, या वादात तीन पिढ्या गेल्या. १ नोव्हेंबर २०१४ ला गावाचं नाव सरकारी कागदावर बेळगावी झालं, तरी आपल्या घराघरात अजून बेळगावच म्हणतात. दुकानाची पाटी कुठल्या भाषेत असावी यावर आपल्या गल्लीत लोक रस्त्यावर उतरलेले आपण पाहिलेत. नाव म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायला नको होतं.

नावाचं हसू एकवेळ सोडून देता येईल. खरी खोट पुढं आहे.

तिथं प्रत्येक सरकारी शाळेला हद्द असते. मेलबर्नसारख्या शहरात साधारणपणे घरापासून सरळ रेषेत जी शाळा जवळ, ती तुमची, आणि त्या हद्दीतल्या मुलाला तिथं जागा द्यावीच लागते. हद्दीबाहेरच्याला जागा उरली तर. नवी शाळा उघडली की जुन्यांच्या हद्दी आखडतात. लेकीचं घर असंच नव्या शाळेकडे गेलं. जुन्या शाळेचं नाव मोठं. भिशीतल्याच एकीनं तोडगा काढला : "माझ्या जावेचं घर तिकडच्या हद्दीत आहे, कागदोपत्री भाडेकरार करून घे. सगळेच करतात."

लेकीचं मन डळमळलं. मी म्हटलं, तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत, त्यातला एक कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा कागद करणं. पाठशाळेत तू तो घोकला होतास. ती तडकली, "आई, पोरीच्या भविष्याचा प्रश्न आहे, इथं सूत्रं काढू नकोस." दोन दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं.

तिचं सगळंच चुकीचं नव्हतं. सरळ रेषेला मधला मोठा रस्ता दिसत नाही, पाच वर्षांच्या पोराला दिसतो. हद्द काही देवानं आखलेली नाही. तसं असेल तर अर्ज करा, अडचण लिहा, जागा उरली का विचारा. पण खोट्या पत्त्यानं तुम्ही जुन्या शाळेत एक बाक अडवता. आणि नव्या शाळेतून कमी होतात ते नेमके बोलू शकणारे, प्रश्न विचारणारे, चार तास मदतीला येणारे आईबाप. मग तीन वर्षांनी आपणच म्हणायचं, बघा, ती शाळा काही चांगली नाही.

हे मला इतकं ठाऊक कसं? मी केलंय म्हणून. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मराठी शाळा होती, चालत चार मिनिटांवर. मराठीसाठी गळा काढणारी मी, लेकीला रिक्षात घालून गावाच्या दुसऱ्या टोकाला इंग्रजी शाळेत धाडत होते. आमच्या समाजातल्या बहुतेक घरांनी तेच केलं. शाळेचा पट घसरत गेला तेव्हा आम्ही सरकारला शिव्या दिल्या. कागद खोटा केला नव्हता एवढंच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शेजारच्या शाळेची तरतूद आली तोवर आमच्या शेजारच्या शाळेत आमचं एकही पोर उरलं नव्हतं.

हे मी तिसऱ्या दिवशी लेकीला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला तेव्हा रिक्षात उलटी व्हायची, आठवतं?" अर्जावर तिनं खरा पत्ता घातला.

भिशीतल्या दोघींनी दुसरीकडचे पत्ते दाखवले असं कळलं. त्या हा लेख वाचतील, रागावतील. रागवा. पण रोज सकाळी गाडीत मागं बसलेलं पोर विचारेल, आपण खरं कुठं राहतो, तेव्हा काय सांगणार, तेही ठरवून ठेवा.

नात आता त्या नव्या शाळेत जाते. परवा व्हिडिओ कॉलवर मी शाळेचं नाव घेतलं तर तिनं मला दोनदा थांबवून दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा जमलं.