‘बघू’ म्हणजे नेमके काय?

‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण ज्या भाषेने घडवली, त्या भाषेत कार्यालयीन संभाषण सरळ रेषेत चालेल, अशी अपेक्षा कोणी करू नये. शालजोडीतले देणे, टोमणा मारणे, आडून सुचवणे या साऱ्यांना आपल्याकडे स्वतंत्र शब्द आहेत आणि त्यांत तरबेज असणाऱ्यास आपण चतुर म्हणतो. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणावे, बांगडी फुटली तर ती ‘वाढवली’ म्हणावे, हे मराठी घरातील मूल नकळत शिकते. कार्यालयातही हीच रीत चालते. ‘बघू’ म्हणजे बहुधा नाही. ‘मॅडम, तुम्ही म्हणाल तसे’ म्हणजे मला हे पटलेले नाही. ‘काम तसे झालेच आहे’ म्हणजे ते अजून व्हायचे आहे. आता हे ऐकणारी व्यक्ती स्वमग्न असेल आणि तीच त्या विभागाची प्रमुख असेल, तर काय होते?

हा प्रश्न काल्पनिक नाही. आपल्या स्वमग्नतेचे निदान अनेकांना प्रौढ वयात, कधी कधी स्वतःच्या मुलाच्या तपासणीच्या निमित्ताने होते. तोवर नोकरीची दहा-पंधरा वर्षे झालेली असतात आणि कामातील नेमकेपणामुळे बढतीही मिळालेली असते. बढतीबरोबर कामाचे स्वरूप मात्र बदलते. कालपर्यंत आकडे, आराखडे किंवा संगणकाची आज्ञावली तपासायची होती. आज माणसांची वाक्ये तपासावी लागतात. शब्दशः अर्थ घेणे एवढीच त्यातील अडचण नव्हे. अनेकदा फसल्यानंतर साध्या वाक्यातही काही दडले असावे, अशी शंका येऊ लागते. ‘आज लवकर निघालात?’ हा प्रश्न चौकशीचा की टोमण्याचा, याचा उलगडा रात्रीपर्यंत होत नाही. ‘स्वमग्न’ हा शब्दच मुळी येथे अन्यायकारक ठरतो. ज्याला स्वतःत मग्न म्हणायचे, तो दिवसभर इतरांच्या बोलण्याचा अर्थ लावण्यात मग्न असतो.

आपला कायदा या व्यक्तीला ओळखतो, पण खुर्चीच्या अलीकडच्या बाजूस. १९९५च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत तिचा समावेश केला आणि सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का स्वमग्नतेसह बौद्धिक व मानसिक दिव्यांगत्व आदी गटांसाठी ठेवला. समान संधी धोरण जाहीर करणे खासगी आस्थापनांनाही बंधनकारक झाले. तथापि, नोकरीत वाजवी सोय पुरवण्याचे कलम मुख्यतः सरकारी आस्थापनांना उद्देशून आहे. आणि सोय म्हटले की उतारमार्ग आणि उद्वाहनच डोळ्यांसमोर येतात. संभाषणाची सोय करावी लागते, हे ध्यानातही येत नाही.

कंपन्यांचे उपक्रमही याच साच्यातले. जर्मनीच्या एसएपी कंपनीने २०१३ मध्ये स्वमग्न व्यक्तींच्या भरतीचा मोठा कार्यक्रम जाहीर केला. त्याचा आधीचा प्रयोग भारतात झाला होता. नंतर मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्या त्या वाटेने गेल्या. कार्यक्रम स्तुत्यच, पण त्यांत कल्पना आहे ती प्रवेशद्वारावरील उमेदवाराची. तिथेही अडथळे कमी नाहीत. ब्रिटनमध्ये सरकारी विधी सेवेच्या भरतीत एका उमेदवाराने प्रसंगनिष्ठ बहुपर्यायी चाचणीऐवजी थोडक्यात लेखी उत्तरे देण्याची मुभा मागितली होती. अ‍ॅस्पर्जर असलेल्या या उमेदवाराला ती नाकारली गेली आणि २०१७ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने हा भेदभावच असल्याचे मान्य केले. त्याच देशात २०२४च्या बकलंड अहवालानुसार काम करण्याच्या वयातील स्वमग्न व्यक्तींपैकी दहांत सुमारे तिघेच नोकरीत होते. या चित्रात स्वमग्न वरिष्ठाला जागा नाही.

दोष मुळात कोणाचा, हाही विचार करायला हवा. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये दुहेरी सहानुभूतीचा प्रश्न मांडला: स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही हे खरे, तर इतरांनाही त्याचे मन कळत नाही, हेही तितकेच खरे. २०२० मधील एका प्रयोगात एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगत न्यायची होती. केवळ स्वमग्नांच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच टिकली, मिश्र साखळीत मात्र अधिक गळती झाली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ही गळती आढळली नाही. त्यामुळे या सिद्धांताचा जयघोष करण्याची घाई नको. पण दोन्ही प्रयोगांत गोष्ट उघड शब्दांत सांगायची होती, न सांगितलेले ओळखायचे नव्हते. उघड सांगितले तर पोहोचते, एवढे तरी यातून म्हणता येते.

मग उघड का सांगितले जात नाही? कारण अधिकाराच्या उतरंडीत खालून वर जाणारे वाक्य वाटेत झिजते. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये एअर फ्लोरिडाचे विमान बर्फवृष्टीत उड्डाण करताच कोसळले आणि ७८ जणांचा बळी गेला. यंत्रांवरील आकडे ठीक दिसत नाहीत, असे सहवैमानिकाने धावपट्टीवर पुन्हा पुन्हा सुचवले होते. ‘उड्डाण थांबवा’ असे तो म्हणाला नाही. तेथे प्रश्न स्वमग्नतेचा नव्हता, हुद्द्याचा होता. कनिष्ठाने स्पष्ट बोलावे, याचे रीतसर शिक्षण त्यानंतर विमान कंपन्यांत रुजत गेले.

मात्र स्वमग्न वरिष्ठाच्या बाजूने बोलताना एक गोष्ट विसरता येणार नाही. आडून बोलणे ही कनिष्ठाची ढाल आहे. ‘घरी जरा अडचण आहे, सर’ असे म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याला ती अडचण सांगायची नसते. त्यावर ‘नेमकी कोणती?’ असा निरागस प्रश्न आला तरी तो चौकशीसारखा बोचतो. वार्षिक मूल्यमापन ज्याच्या हाती, त्याने ‘मनात असेल ते स्पष्ट सांगा’ म्हणणे ही विनंती नसून आज्ञा असते. शिवाय असे म्हणताना त्याला स्वतःचे निदान सांगावे लागते आणि पुढची बढती त्यात अडकेल, ही भीती अनाठायी नाही.

म्हणून ही जबाबदारी दोघांवर न टाकता संस्थेने घेतली पाहिजे. बैठकीतील निर्णय त्याच दिवशी लिहून फिरवणे, त्यात कोणी, काय, केव्हा हे असणे. निर्णयाआधी प्रत्येकाने एक तरी आक्षेप नोंदवणे. मुदत पाळता येणार नसेल तर तसे कळवल्याबद्दल मूल्यमापनात गुण न कापणे. आणि ‘या बोलण्याचा अर्थ काय घ्यावा?’ असे विभागप्रमुखाला निर्धास्तपणे विचारता येईल असा एक सहकारी नेमणे. पहिले तीन नियम सर्वांना लागू केले, तर कोणाच्या निदानाची वाच्यता करण्याचे कारण उरत नाही. २०१७च्या नियमांनुसार समान संधी धोरणात संपर्क अधिकारी नेमण्याची तरतूद आहेच. हे काम त्याच्याकडे देता येईल. फक्त तो विभागप्रमुखापेक्षा कनिष्ठ असला, तर तोही ‘बघू’ म्हणण्याची शक्यता आहे.